व्यालेल्या गाईची तूट आणि तिची रोगप्रतिकारशक्ती

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील दुग्धव्यवसायविषयक सत्रात दिलेले व्याख्यान)



आम्हाला दिलेल्या विषयाचे नाव थोडे जड आहे. गाय व्याल्यानंतर तिच्या शरीरातील ऊर्जेचा ताळेबंद कसा राहतो आणि त्याचा तिच्या रोगप्रतिकारशक्तीशी काय संबंध आहे, असा तो विषय. नाव जड असले तरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या दारात एक किंवा दोन संकरित गाई आहेत. कोणी बचत गटाचे कर्ज घेऊन गाय आणली, कोणी मजुरीचे पैसे साठवून. ज्याच्या गोठ्यात वीस गाई आहेत त्याची एक गाय बसली तर त्याचे नुकसान होते; ज्याच्याकडे एकच गाय आहे त्याचा धंदाच बसतो. हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून हा विषय मोठ्या गोठेवाल्यांपेक्षा एका गाईच्या मालकाला अधिक जवळचा आहे, असे आम्ही मानतो.

गाय व्याल्यावर पहिल्या महिन्यात आपल्याकडे काय काय घडते ते आठवून पाहा. कुणाच्या गाईची वार अडकते. कुणाची गाय दुग्धज्वराने आडवी होते. कुणाच्या गाईच्या अंगावरून घाण, दुर्गंधीयुक्त स्राव जातो. कुणाच्या गाईला दगडी होते आणि एक सड कायमचा जातो. एखादी गाय आंबोण सोडून नुसती कडब्याच्या काड्या चघळत उभी राहते. पुढे तीन-तीन महिने ती माजावर येत नाही आणि आली तरी उलटते. हे सर्व निरनिराळे आजार आहेत असे समजून आपण प्रत्येकावर निराळे इंजेक्शन शोधतो. आज आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. यातील बहुतेक आजारांच्या मुळाशी एक समान कारण असते, आणि त्याची सुरुवात गाय व्यायच्या अगोदर, भाकडकाळात झालेली असते.

तूट कशी पडते

आपल्या जिल्ह्यातच याचे उत्तम उदाहरण आहे. इगतपुरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पावसाळी भागात डांगी गाय आहे. दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते, डोंगरात चरते, व्याली तरी फारसा बोभाटा होत नाही. तेवढ्या दुधापुरते तिच्या पोटात जाते, त्यामुळे तूट फारशी पडत नाही. निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी या भागांत आज प्रामुख्याने होल्स्टिन-फ्रिजियन रक्ताची संकरित गाय आहे. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बाएफ संस्था स्थापन केली, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही तिहेरी संकरित गाय तयार केली, गावोगाव कृत्रिम रेतन पोहोचले. त्यातून कासेत दूध वाढले. परंतु बऱ्याच घरांत गव्हाण मात्र डांगी किंवा गावठी गाईच्या काळातलीच राहिली.

आता ढोबळ हिशेब मांडू. चारशे किलो वजनाची संकरित गाय घ्या. नुसते उभे राहायला, श्वास घ्यायला, शरीर चालवायला तिला दिवसाला सुमारे ७ मेगाकॅलरी ऊर्जा लागते. एक लिटर दुधामागे सुमारे ०.७ मेगाकॅलरी लागते. म्हणजे १५ लिटर दुधाला साडेदहा. एकूण गरज झाली साडेसतरा. खर्चाची बाजू ही झाली. आता जमा पाहू. व्यायच्या सुमारास गाईची भूक मंदावते. ती कशीबशी नऊ किलो कोरडा चारा खाते. इथे कोरडा चारा म्हणजे ओल्या-सुक्या सगळ्या खाद्यातले पाणी वजा जाता उरलेला भाग. चांगला सकस आहार असला तरी त्यातून तिला साडेबारा मेगाकॅलरीच मिळतात. रोजची तूट पाच मेगाकॅलरी. ही तूट गाय अंगावरच्या साठ्यातून भरून काढते. एक किलो वजन उतरले की साधारण तेवढी ऊर्जा मिळते. म्हणजे गाय रोज एक किलोने झिजते. महिनाभर असे चालले तर तीस किलो गेले.

हे असे का होते? दूध चौथ्या ते आठव्या आठवड्यात शिखरावर जाते, पण भूक दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत पूर्ण खुलत नाही. मधल्या काळात गाय वासरासाठी स्वतःचे शरीर मोडून दूध देते. निसर्गाने तिला तसेच घडवले आहे. थोडी तूट प्रत्येक दुधाळ गाईला पडतेच, ती पूर्ण टाळता येत नाही. मात्र ती किती खोल जाऊ द्यायची हे आपल्या हातात असते.

चरबी वितळते तेव्हा

अंगावरची चरबी वितळून रक्तात येते आणि यकृताकडे जाते. यकृत तिचे इंधन करते. परंतु एकाच वेळी फार चरबी आली तर यकृताला ती पेलवत नाही. काही चरबी यकृतातच साठते, काहीचे अर्धवट ज्वलन होऊन कीटोन नावाची द्रव्ये तयार होतात. रक्तात ती वाढली की त्याला आपण कीटोसिस म्हणतो. उघड कीटोसिस ओळखू येतो. गाय आंबोण सोडते, शेण घट्ट पडते, श्वासाला गोडसर वास येतो. छुपा कीटोसिस मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गाय उभी असते, दूध देत असते आणि आतून पोखरली जात असते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाय व्याली की आपण तिला गूळ घालतो, बाजरी शिजवून घालतो. भावना चांगली आहे आणि माफक प्रमाणात ते योग्यही आहे. पण माणूस गूळ खातो तेव्हा साखर सरळ रक्तात जाते, तसे गाईचे होत नाही. तिच्या मोठ्या पोटातील सूक्ष्म जीव ती साखर अगोदर आंबवतात. त्यातून जी आम्ले तयार होतात, त्यांतील एकापासून गाईचे यकृत स्वतः ग्लुकोज बनवते. म्हणून एकदम दोन-तीन किलो गूळ किंवा पाटीभर शिजवलेले धान्य घातले, तर ताकद येण्याऐवजी पोटात आम्लता वाढते, रवंथ थांबते आणि होती ती भूकही जाते.

रक्षणाचे काम अडते कसे

आता रोगप्रतिकारशक्तीकडे येऊ. रक्तातील पांढऱ्या पेशी हे शरीराचे रक्षक. कासेत किंवा गर्भाशयात जंतू शिरले की त्या तिकडे धावतात, जंतूंना गिळतात आणि मारतात. या धावण्याला आणि मारण्याला ग्लुकोज लागते. दुधालाही ग्लुकोजच लागते, कारण दुधातील साखर त्यापासून बनते. एक लिटर दुधामागे सुमारे ७२ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरला एक किलोहून थोडे अधिक. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली होल्स्टिन गाईंवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रतिकारयंत्रणा जोरात जागी केली तर तिला अवघ्या बारा तासांत सुमारे एक किलो ग्लुकोज लागते, असे त्यात आढळले. म्हणजे अंगात जंतूंशी मोठी लढाई सुरू झाली, तर पंधरा लिटर दुधाला लागते तेवढी साखर ती एका रात्रीत मागते. जिथे आधीच तूट आहे तिथे ही साखर आणायची कुठून?

त्यात कीटोन आणि वितळलेली चरबी रक्तात वाढली की पांढऱ्या पेशींचे काम आणखी मंद होते. व्यायच्या अगोदर दोन-तीन आठवड्यांपासून व्याल्यानंतर तीन आठवड्यांपर्यंत गाईची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते. याला केवळ प्रसूती कारणीभूत आहे की दूध, हे पाहण्यासाठी आयोवातीलच एम्स येथील राष्ट्रीय पशुरोग केंद्रातील शास्त्रज्ञांनी कास काढून टाकलेल्या गाभण गाईंची तुलना सामान्य गाईंशी केली. व्यायच्या वेळी दोन्हींच्या पांढऱ्या पेशी मंदावल्या. पण ज्यांना कास नव्हती त्या गाई लवकर सावरल्या. दूध देणाऱ्या गाई कितीतरी दिवस मागे राहिल्या. दुधाचा भार गाईच्या संरक्षणावर पडतो, हे यातून स्पष्ट झाले.

याच केंद्रातील २००२ सालचा आणखी एक अभ्यास आपल्या फार उपयोगाचा आहे. वार ही वासराबरोबर वाढलेली वस्तू. व्याल्यावर गाईच्या पांढऱ्या पेशींनी ती परकी म्हणून ओळखायची आणि गर्भाशयाशी असलेली तिची पकड सोडवायची असते. ज्या गाईंची वार अडकली त्यांच्या पांढऱ्या पेशी व्यायच्या आधीपासूनच मंद होत्या, असे त्या अभ्यासात दिसले. म्हणजे वार अडकणे ही व्याल्या दिवशी अचानक घडलेली गोष्ट बहुधा नसते. वार ओढून काढणे किंवा तिला जड वस्तू बांधणे यातून मूळ कारण तर जात नाहीच, उलट गर्भाशय फाटते आणि जंतूंना वाट मिळते.

ऊर्जेसारखीच तूट कॅल्शियमची असते. एक किलो चिकात साधारण सव्वादोन ग्रॅम कॅल्शियम जाते. दहा लिटर चीक काढला की तेवीस ग्रॅम गेले. रक्तात फिरते कॅल्शियम जेमतेम तीन ग्रॅम असते. बाकीचे हाडांतून आणि आहारातून यावे लागते. ते वेळेवर आले नाही तर स्नायू ढिले पडतात, पोट आणि गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही, सडाचे तोंड घट्ट मिटत नाही आणि पांढऱ्या पेशींनाही जंतूंची खबर नीट लागत नाही. म्हणजे गाय आडवी झाली नाही तरी कॅल्शियम कमी पडलेली गाय दगडीला आणि गर्भाशयाच्या सुजेला सहज बळी पडते.

काय करावे

पहिली गोष्ट, गाय वेळेवर आटवा. सातवा महिना संपला की दूध बंद करून दोन महिने विश्रांती द्या. रोजचा पैसा बंद होतो म्हणून शेवटपर्यंत धार काढणारी घरे आम्ही पाहतो. त्यांची अडचणही आम्हाला कळते. पण ते दोन महिने वाचवून जे मिळते त्याहून अधिक पुढच्या वेतात जाते.

दुसरी गोष्ट, भाकड गाईला भाकड म्हणून दुर्लक्षू नका आणि लाडाने फुगवूही नका. गाय पाहताना बरगड्या आणि माकडहाडाजवळची जागा हाताने चाचपा. पाच गुणांच्या मापात ती व्याताना तीन ते साडेतीनच्या दरम्यान असावी. फार वाळलेल्या गाईजवळ झिजायला काही नसते. फार लठ्ठ गाय तर व्याल्यावर आणखी कमी खाते आणि तिची चरबी एकदम वितळते. व्याल्यानंतर अर्ध्या गुणाहून जास्त उतरू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे शेवटचे तीन आठवडे. पुढे जे आंबोण द्यायचे आहे तेच आता हळूहळू सुरू करा, कारण पोटातील सूक्ष्म जीवांना आणि पोटाच्या अस्तराला नव्या खाद्याची सवय व्हायला तेवढा काळ लागतो. एक किलोपासून वाढवत दोन-अडीच किलोपर्यंत न्या. या काळात लसूणघास कमी करा आणि कॅल्शियमच्या बाटल्या बंद ठेवा. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले की शरीर हाडातून ते काढण्याची सवय विसरते आणि व्याल्या दिवशी गाय बसते. कोणते खनिज मिश्रण द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. गोदाकाठच्या ऊसपट्ट्यातील मंडळींना एक विशेष सूचना आहे. नुसत्या उसाच्या वाढ्यावर गाय ठेवू नका. वाढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कडबा, मक्याचा मुरघास, गवत यांची जोड द्या. उन्हाळ्यात येवला-मालेगाव भागात गाभण गाईला सावली आणि अंगावर पाणी द्या. उकाड्याने तिची भूक आणि प्रतिकारशक्ती दोन्ही घटतात.

चौथी गोष्ट व्याल्या दिवसाची. गाय व्याली की प्रथम कोमट पाणी, मनाला येईल तेवढे पिऊ द्या. वार पडेपर्यंत वासराला पाजू नये, ही समजूत सोडून द्या. वासराने ओढले की गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदत होते. वासराला पहिल्या दोन तासांत चीक मिळालाच पाहिजे, कारण ते जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईने दिलेले संरक्षण नसते. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसभरात अडीच लिटर चीक हवा. बारा तासांत वार पडली नाही तर डॉक्टरांना कळवा.

पाचवी गोष्ट, पहिले तीन आठवडे. आंबोण एकदम वाढवू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो वाढवा. शेवटी शरीरासाठी दीड किलो आणि तीन लिटर दुधामागे एक किलो, असे मोजमाप धरा. दिवसाचे आंबोण दोन वेळा न घालता तीन-चार वेळा विभागून घाला. उत्तम वैरण अगोदर, आंबोण नंतर. जमल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने बायपास फॅट द्या. पाणी चोवीस तास समोर असावे. एक लिटर दुधाला चार-पाच लिटर पाणी लागते. बांधलेल्या गाईला दिवसातून दोनदा पाणी दाखवणे म्हणजे तिचे दूध आणि भूक दोन्ही कमी करणे होय. धार काढल्यावर सडाचे तोंड अर्धा तास उघडे असते. तेव्हा गव्हाणीत ताजी वैरण टाका, म्हणजे गाय उभी राहील आणि शेणात बसणार नाही.

आजार आधी कळावा म्हणून

भगिनींनो, हे तुम्हाला विशेष करून सांगायचे आहे. बहुतेक घरांत वैरण, शेण, धार हे काम तुमच्याच हातून होते. आज गाईने आंबोण ठेवले, हे घरात सर्वांत आधी तुम्हाला कळते. ते कळले की त्याच दिवशी बोला, आणि घरच्यांनी ते त्याच दिवशी ऐकावे. ‘उद्या खाईल’ म्हणून चार दिवस गेले की साधा कीटोसिस मोठा होतो.

व्याल्यानंतर पहिले दहा दिवस रोज सकाळी थर्मामीटर लावा. १०३ अंशांच्या वर ताप दिसला तर थांबू नका. डेअरीची पावतीही नीट वाचा. एका गाईच्या मालकाचा हा फायदा आहे की त्याच्या पावतीवर त्या एकाच गाईचे दूध असते. चीक संपल्यावर पहिल्या काही आठवड्यांत फॅट अचानक पाचवर गेली आणि एस.एन.एफ. घसरला, तर भाव वाढला म्हणून आनंद मानू नका. ती चरबी गाईच्या अंगावरची असण्याचा संभव आहे. लघवीची कीटोनसाठी तपासणी करून घ्या. ती सोपी असते. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या शासकीय क्रमांकावर फोन करता येतो. आणि प्रतिजैविक टोचलेल्या गाईचे दूध डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत डेअरीला घालू नका.

गाय विकत घेणाऱ्यांसाठी

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कर्ज मंजूर झाले की आपण लोणीच्या किंवा जवळच्या बाजारात जातो आणि नुकती व्यालेली गाय पसंत करतो, कारण दूध डोळ्यांना दिसते. कास मोठी दिसावी म्हणून काही विकणारे धार न काढता दूध तुंबवून ठेवतात. मग ती गाय टेम्पोत चढते, तासन्‌तास उभी राहते, नवा गोठा, नवी वैरण, नवी माणसे. आतापर्यंत जे सांगितले ते येथे जोडून पाहा. ज्या तीन आठवड्यांत तिची तूट सर्वांत मोठी आणि प्रतिकारशक्ती सर्वांत कमी असते, नेमके त्याच आठवड्यांत आपण तिला प्रवास घडवतो. बाजारात विक्रेत्याने अठरा लिटर सांगितलेली गाय घरी आठ लिटरवर येते, तेव्हा प्रत्येक वेळी फसवणूकच झालेली असते असे नाही. पुष्कळदा ती गाय वाटेतच खचलेली असते. आणि पहिला हप्ता ज्या दुधातून फेडायचा ते दूधच आटलेले असते.

म्हणून गाय घेताना शक्यतो दीड-दोन महिने व्यायला अवकाश असलेली घ्या, म्हणजे तिला आपल्या गोठ्याची आणि वैरणीची सवय होईल. नाहीतर व्याल्याला दोन महिने होऊन सावरलेली, चारी सड तपासलेली गाय घ्या. बचत गटांनीही याचा विचार करावा. कर्जाचा पहिला हप्ता गाय व्याल्यानंतर एक-दीड महिन्याने सुरू व्हावा, आणि कर्जाच्या रकमेत गाईच्या किमतीबरोबर दोन महिन्यांच्या वैरण-पेंडीचाही खर्च धरलेला असावा. गाय घ्यायला पैसा असतो, तिला घालायला नसतो; अनेक घरांतील गाय याच कारणाने गेली आहे.

बंधू-भगिनींनो, प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या बाटल्या बाजारात पुष्कळ आहेत. तांबे, जस्त, सेलेनियम, ई जीवनसत्त्व यांचे काम खरे आहे, आणि चांगल्या खनिज मिश्रणातून ते मिळाले पाहिजेत. पण रिकाम्या गव्हाणीची भरपाई कोणतीही बाटली करू शकत नाही. व्यायच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन असे सहा आठवडे तुम्ही गाईकडे लक्ष द्या, म्हणजे पुढचे दहा महिने ती तुमच्या घराकडे लक्ष देईल. या मेळाव्यातून घरी गेल्यावर ज्यांची गाय गाभण आहे त्यांनी आजच तिची व्यायची तारीख मोजावी आणि त्याआधीच्या तीन आठवड्यांवर भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करावी. आमचे बोलणे त्या खुणेपर्यंत पोहोचले तरी आम्ही येथे आल्याचे सार्थक झाले.